बिदारा म्हणजे आपली बोर: मलय आणि इस्लामी उपचारांतल्या वनस्पतींची ओळख

बोरीची सात हिरवी पानं घ्यायची, दोन दगडांमध्ये ठेचायची आणि पाण्यात कालवायची. त्या पाण्यावर कुराणातल्या ठरावीक आयती म्हणायच्या. मग तीन घोट प्यायचे आणि उरलेल्या पाण्याने अंघोळ करायची. नजर लागली आहे, कुणी करणी केली आहे, झोप उडाली आहे, अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला मलेशियातले 'रुक्या' करणारे उपचारक आजही हे सांगतात. रुक्या म्हणजे कुराणपठणाने करायचा उपचार. पानांचा हा तोडगा इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या पिढ्यांपासून चालत आल्याचं मानतात. अरबस्तानात त्यासाठी सिद्र नावाच्या झाडाची पानं घेत. सिद्र हे बोरीचं सख्खं भावंड. मलेशियात मात्र ज्या झाडाची पानं तोडतात, ती आपल्या बांधावर असते तीच बोर.

मलय भाषेत तिला बिदारा म्हणतात आणि हे नाव संस्कृत 'बदर'वरून आलेलं आहे. उपचार अरबस्तानातला, नाव संस्कृतातलं, आणि पान घराच्या मागच्या अंगणातलं. मलय उपचारपद्धती समजून घ्यायची तर हे एक पान हातात धरून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण पुढचं जवळजवळ सगळं त्यात दिसतं. (मलय म्हणजे मल्याळी नव्हे. मलेशियाचं द्वीपकल्प, सुमात्राचा पूर्व किनारा, बोर्निओची किनारपट्टी आणि थायलंडच्या दक्षिणेचा पतानी भाग इथे राहणारा, मलय भाषा बोलणारा, बहुतांशी मुसलमान समाज.)

बोरीच्या पानाचा वापर अरबस्तानातून पूर्वेकडे आला. कापूर त्याच्या उलट दिशेने गेला. हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि आचरणाची परंपरेने जपलेली नोंद. एका प्रसिद्ध हदीसमध्ये मृताला स्नान कसं घालायचं ते सांगितलं आहे: पाण्यात सिद्रची पानं घाला आणि शेवटच्या स्नानात कापूर घाला. कुराणातही स्वर्गातल्या पेयाचं वर्णन करताना कापराचा उल्लेख येतो. पण अरबस्तानच्या वाळवंटात कापूर येणार कुठून? तो सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातल्या उंच झाडांच्या खोडातून निघायचा आणि जहाजांनी पश्चिमेला जायचा. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बारुस हे त्याचं जुनं बंदर, म्हणून मलय भाषेत त्याला 'कापुर बारुस' म्हणतात. गुजराती आणि हिंदीतला 'बरास' हा शब्द त्याच बंदराचं नाव. आपण त्याला भीमसेनी कापूर म्हणतो, मात्र आज त्या नावाने दुकानात मिळणारा कापूर त्या झाडाचा असेलच असं नाही. अरबांनी सातव्या शतकात इराणची राजधानी तेसिफोन जिंकली, तेव्हा तिथे सापडलेला कापूर मीठ समजून सैनिकांनी स्वयंपाकात घातला, अशी आठवण अरबी इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे.

हा कापूर मिळवणं सोपं नव्हतं. स्फटिक खोडाच्या आतल्या भेगांमध्ये साचतात आणि बहुतेक झाडांत काहीच नसतं. मलेशियाच्या दक्षिण टोकाच्या जोहोर राज्यातले जंगलात राहणारे आदिवासी कापूर शोधायला निघाले की नेहमीची भाषा बोलत नसत. त्या दिवसांसाठी त्यांची वेगळी 'कापराची भाषा' होती. रोजच्या वस्तूंना आडवळणाची नावं द्यायची, नाहीतर झाडातला कापूर हाती लागत नाही, अशी श्रद्धा. वनस्पतीतही जीव आहे, तिला मागून घ्यावं लागतं, ही या पद्धतीची सगळ्यात खालची, सगळ्यात जुनी पायरी.

तिच्यावर नंतरचे थर चढले. पहिल्या सहस्रकात भारतीय व्यापारी आणि धर्म आले, त्यांच्यासोबत शब्द आले. सुगंधी गाहारू म्हणजे अगरू, चेंदाना म्हणजे चंदन, दलिमा म्हणजे डाळिंब, आणि जायफळाला नुसतंच 'पाला', म्हणजे फळ. मग इस्लाम आला. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तेरेंगानू राज्यात सापडलेला, मलय भाषेत पण अरबी लिपीत कोरलेला शिलालेख साधारण १३०३ सालचा मानतात. त्यानंतर शतकभराने मलाक्काची सल्तनत उभी राहिली. तिच्या बंदरात गुजराती, तमिळ, अरब, इराणी, चिनी असे सगळे उतरत. या वाटेने युनानी वैद्यक पोचलं. युनान म्हणजे ग्रीस. ग्रीक वैद्यांचा शरीरातल्या चार रसांचा (रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त) विचार अरबीत गेला, इब्न सीनाने (९८०–१०३७) तो नीट बांधला आणि तिथून तो बगदादपासून दिल्लीपर्यंत आणि पुढे समुद्रापार पसरला. मलय मुलखात तो 'किताब तिब' नावाच्या हस्तलिखितांत दिसतो. अरबी लिपीतली मलय, म्हणजे जावी, त्यात लिहिलेली ही औषधांची बाडं. आपल्याकडे जुन्या वाड्यांत मोडीतली वैद्यकाची बाडं सापडतात, तशीच. एका पानावर खोकल्याचा काढा, पुढच्या पानावर ताईत, त्याच्या शेजारी शुभ दिवस.

या व्यापाराचं एक टोक आपल्याकडेही होतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडे उपचारासाठी जात राहिला आणि तिथल्या हकिमांशी औषधांवर चर्चा करत राहिला. पूर्वेच्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. बोर्निओचा कापूर आणि चीनचा कापूर हे दोन वेगळे आहेत आणि पहिला कितीतरी महाग आहे, हे त्याने त्यात नोंदवलं आहे.

विष अळणी करायचं

कुठल्या वनस्पतीने काय बरं होतं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या वाचून पद्धत कळत नाही. आजाराकडे ती कशी बघते हे आधी कळलं पाहिजे, आणि त्यासाठी मलय भाषेतले दोन शब्द पुरेसे आहेत: बिसा आणि तावार.

बिसा म्हणजे विष. शब्दही आपलाच, संस्कृत 'विष'. सापाचं विष बिसा, पण बाळंतिणीच्या अंगात राहिलेली ठणकही बिसा आणि सांध्यात शिरलेली दुखरी लहरही बिसा. तावार म्हणजे अळणी. नदीच्या गोड्या पाण्याला मलय लोक 'अळणी पाणी' म्हणतात, कारण त्यात समुद्राचा खारटपणा नसतो. याच शब्दावरून पुढे 'पनावार' झाला, म्हणजे उतारा, औषध. आजाराशी लढून त्याला मारायचं ही कल्पना इथे मुख्य नाही. त्याचा जोर काढून घ्यायचा, त्याला अळणी करायचं.

म्हणून लग्नात, नव्या घरात, दुखण्यातून उठल्यावर 'तपुंग तावार' करतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पानांच्या जुडीने शिंपडायचं. त्या जुडीत बहुधा सतावार आणि सदिंगिन असतात. एकाच्या नावात 'अळणी' आहे, दुसऱ्याच्या नावात 'दिंगिन', म्हणजे गार. सतावार म्हणजे कोकणात पावसाळ्यात पांढरी फुलं येणारा आपला पेवा आणि सदिंगिन म्हणजे पानफुटी. औषधाचा गुण झाडाच्या नावातच ठेवलेला आहे.

दुसरी जोडी पानास आणि सजुक, उष्ण आणि थंड. ही मराठी घरात वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पपई उष्ण, काकडी थंड, हे आपण ताप मोजायच्या काचेने ठरवत नाही. मलय घरात ड्युरियन हे काटेरी फळ अतिशय उष्ण मानतात आणि त्यावर उतारा म्हणून थंड मँगोस्टीन खातात. तिसरा शब्द आंगीन, वारा. अंगात वारा शिरला की पोट फुगतं, डोकं धरतं, अंग मोडून येतं. आपला 'वात' याच्या अगदी शेजारचा. चौथा शब्द सेमांगात. माणसाचं सत्त्व, जीवशक्ती. दचकल्याने, आजाराने ती पातळ होते, दूर जाते, तिला हाक मारून परत बोलवावं लागतं. भाताच्या लोंबीतही सेमांगात असते.

युनानी आणि मलय विचारांत एक फरक आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ग्रीक-अरबी परंपरेत उष्णतेला मोठा मान आहे, जीव टिकतो तो उष्णतेने. मलय मनात मात्र बरं वाटणं म्हणजे गार वाटणं. १९७०च्या दशकात तेरेंगानूतल्या एका गावात राहून सुईणीच्या हाताखाली शिकलेल्या कॅरोल लेडरमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हे नीट दाखवून दिलं. बाहेरून आलेला चार रसांचा विचार मलय लोकांनी घेतला, पण स्वतःच्या जंगलातल्या गारव्याच्या आवडीत बसवून घेतला.

उपचार करणारे अनेक. बोमोह हा साधारण वैद्य आणि मांत्रिक, पावांग हा जंगल, खाण, समुद्र यांचा जाणता, बिदान ही सुईण. बोमोह झाडपाला देतो आणि 'जाम्पी' म्हणतो, म्हणजे मंत्र. जुन्या जाम्पीची सुरुवात 'बिस्मिल्ला'ने होते, शेवट 'ला इलाहा इल्लल्लाह'च्या बरकतीने होतो आणि मधे कधी कधी बतारा गुरू येतो. बतारा गुरू म्हणजे शिव. म्हणणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नसे. धर्मशास्त्र शिकलेल्यांना मात्र ती दिसली. देवाशिवाय दुसऱ्याची मदत मागणं इस्लाममध्ये निषिद्ध आहे, त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाम्पीतल्या जुन्या नावांवर टीका वाढली. केलांतान राज्यात १९९०च्या दशकात 'माइन पुतेरी' या गाणं, नाच आणि अंगात येणं यांतून होणाऱ्या उपचारावर बंदी आली. त्याच काळात निव्वळ कुराणपठणावर आधारलेली केंद्रं वाढली. धर्मपंडित आणि राजकीय नेते हारोन दिन (१९४०–२०१६) यांनी उभं केलेलं, बांगी या गावातलं दारुश्शिफा हे त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं. बोरीची पानं, मीठ, लिंबू, मिरी तिथेही आहेत, बतारा गुरू नाही.

सुईणीच्या हातात

मलय वनस्पतिज्ञानाचा सगळ्यात जिवंत भाग बाळंतिणीच्या खोलीत आहे. इथे मला सारखी आमच्या घरातली बाज, तिच्याखालची शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी आठवते.

बाळंतपणानंतरच्या पथ्याच्या काळाला 'पांतांग' म्हणतात. तो बहुधा ४४ दिवसांचा, आपल्या सव्वा महिन्यासारखा. प्रसूतीत रक्त जातं, रक्त उष्ण, म्हणून बाळंतीण थंड पडते, आणि एरवी गारव्यावर प्रेम करणारी ही पद्धत इथे सगळा जोर उष्णतेवर देते. काळा गोटा किंवा लोखंडाचा तुकडा तापवायचा, पानांत आणि फडक्यात गुंडाळायचा आणि पोटावरून, कमरेवरून, मांड्यांवरून फिरवायचा. हा 'तुंकू'. पानं बहुधा मेंगकुदूची, म्हणजे आपल्या बारतोंडीची. आज 'नोनी' नावाने महाग बाटल्यांत विकतात ते तिचंच फळ. मग पोटाला 'बंगकुंग' बांधायचा, कित्येक मीटर लांब कापडाची पट्टी, वरून खालपर्यंत गाठी मारत. कपाळावर 'पिलिस'चा लेप, अंगाला 'पाराम'चा लेप. त्यांत आलं, हळद, मिरी, लवंग, जायफळ असे उष्ण पदार्थ. अंघोळीच्या पाण्यात गवती चहा, लिंबाची आणि कोळिंजनाची पानं. खायला सुकी मासळी, मिरी घातलेलं गरम कालवण. काकडी, भोपळा, रसाळ फळं बंद.

बायकांच्या औषधांत आणखी एक ओळखीची वस्तू आहे, मान्जाकानी. हे आपलं मायफळ, बाळगुटीत जायफळ आणि वेखंडासोबत सहाणेवर उगाळतात ते. फळ म्हणतो, पण ते फळ नाही. पश्चिम आशियातल्या ओक झाडावर एक माशीसारखा कीटक अंडी घालतो, त्याभोवती झाड कडक गाठ तयार करतं, ती ही गाठ. तुरटपणा भरपूर, म्हणून प्रसूतीनंतर अंग आवळून येण्यासाठी मलय बायका ती वापरतात. ना मलेशियात पिकते, ना महाराष्ट्रात. दोन्हीकडे ती एकाच व्यापाराने आली आणि दोन्हीकडे घरचीच होऊन बसली.

यातलं काय उपयोगी आहे? शेक, मालीश, चाळीसेक दिवसांची विश्रांती, घरातल्या बायकांनी ताब्यात घेतलेली कामं: यांनी बाळंतीण सावरते, हे सांगायला मला कुठल्या प्रयोगशाळेची गरज वाटत नाही. मलेशियाच्या आरोग्यखात्यालाही तसं वाटलं असावं. २००७मध्ये पेनांग राज्यातल्या कपाला बातास सरकारी रुग्णालयात पारंपरिक उपचारांचा विभाग सुरू झाला, पुढे अशा विभागांतून बाळंतिणींना मलय पद्धतीची मालीश आणि शेक मिळू लागला. पण भाज्या आणि फळं महिनाभर बंद ठेवणं हे अशक्त बाईला परवडत नाही. लेडरमन बाईंनी पाहिलं ते असं की गावातल्या बायका नियम सांगताना कडक असतात आणि पाळताना हात सैल सोडतात, अंगाला काय सोसतं ते बघून ठरवतात.

अलीची काठी, फातिमाचा अडकित्ता

जंगलातल्या झाडांना इस्लामी नावं कशी मिळाली, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तोंगकात अली आणि काचिप फातिमा. अली हे पैगंबरांचे जावई, फातिमा त्यांची मुलगी. तोंगकात म्हणजे काठी, काचिप म्हणजे सुपारी कातरायचा अडकित्ता. अरबस्तानात या दोन्ही वनस्पती कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या मलय जंगलाच्या दाट सावलीत वाढतात. लोकांनी आपल्या झाडांना आपल्याला पूज्य असलेल्या जोडप्याची नावं दिली: एक पुरुषांच्या ताकदीसाठी, एक बायकांच्या कुशीसाठी.

तोंगकात अली हे बारीक खोडाचं उंच झुडूप. औषधात घेतात ते त्याचं लांब सोटमूळ, ते उपटलं की झाड संपतं. चव भयंकर कडू, कारण ते आपल्या महारूखाच्या कुळातलं आहे आणि या कुळाची कडू द्रव्यं प्रसिद्धच आहेत. जुन्या वापरात तापावर, अशक्तपणावर त्याचा काढा देत. आज मात्र त्याची जगभर जाहिरात होते ती एकाच कारणासाठी, आणि मराठी वाचकांच्या फोनवरही ती येते. म्हणून इथे थोडं थांबून सांगतो. या मुळाचे माणसांवर काही छोटे प्रयोग झाले आहेत, त्यांतून मोठे दावे करता येत नाहीत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१मध्ये या मुळाच्या अर्काला सुरक्षित म्हणायला नकार दिला, कारण चाचण्यांत पेशींच्या गुणसूत्रांना इजा होण्याची चिन्हं दिसली. याहून मोठा धोका भेसळीचा आहे. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॉफीच्या पुड्यांत आणि गोळ्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं रसायन, मिसळलेलं सापडल्याचे इशारे मलेशियाच्या आणि अमेरिकेच्या औषध नियामकांनी वारंवार दिले आहेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने अशी कॉफी प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. पुडीवर मूळ छापलेलं असतं, रसायन नाही.

काचिप फातिमा ही जमिनीलगत वाढणारी छोटी वनस्पती. सगळं झाड उकळून काढा करतात. प्रसूती सोपी व्हावी म्हणून आधी, आणि गर्भाशय आवळावं म्हणून नंतर. गर्भाशयावर खरंच काम करत असेल तर गरोदरपणात ती चुकीच्या वेळी घेणं धोक्याचं, हे ओघाने आलंच.

तिसरी वनस्पती मात्र उलट वाटेने आली. रुंपुत फातिमा, फातिमाचं गवत. ही मोहरीच्या कुळातली वाळवंटी वनस्पती. मेली की तिच्या फांद्या आत वळून करड्या रंगाची मूठ होते. अरबीत तिला 'मरियमचा तळवा' म्हणतात. हजला गेलेली माणसं मक्केहून ती आणतात. कळा सुरू झाल्या की ती पाण्यात ठेवायची. काही तासांत मूठ हळूहळू उघडते, तशीच कूस उघडावी. ते पाहताना त्या बाईला केवढा धीर येत असेल, हे मी समजू शकतो. पण ते पाणी नंतर तिला पाजतात, आणि तिथे मलेशियातले, इंडोनेशियातले प्रसूतितज्ज्ञ हात जोडून थांबा म्हणतात. कळा अनावर वाढणं, गर्भाशयाला इजा, रक्तस्राव अशी भीती आहे आणि मात्रा कुणालाच ठाऊक नाही. मूठ उघडताना बघावी. पाणी पिऊ नये.

भूमीचं पित्त

काही झाडं आपली आणि त्यांची अगदी एकच. हंपदू बूमी म्हणजे भूमीचं पित्त. हे आपलं ओलं किराईत. संस्कृतात त्याचं एक नाव भूनिंब, भूमीवरचा कडुनिंब. कडूपणा सांगायला एकाने पित्त घेतलं, एकाने निंब, आणि भूमी दोघांनी घेतली. कोकणात आणि गोव्यात तापावर त्याचा काढा देतात. मलय गावांत तो मधुमेहावरही देतात. मधुमेहाला मलय भाषेत 'गोड लघवी' म्हणतात, गोडावर कडू हा तर्क आपल्याकडे कारल्याच्या रसातही आहे. हा तर्क समजतो, पण त्याच्या भरवशावर साखरेची गोळी बंद केलेली माणसं दोन्ही देशांत पाय गमावतात.

दुकुंग आनाक, म्हणजे 'लेकरू पाठुंगळी घेतलेली', ही आपली भुईआवळी. पानाच्या पाठीमागे इवली फळं ओळीने लटकतात, ते बघूनच हे नाव पडलं. आपल्याकडे कावीळ, तिकडे मूतखडा. पेगागा म्हणजे मंडूकपर्णी, आपल्याकडे पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात ती. मलय लोक ती औषध म्हणून कमी आणि 'उलाम' म्हणून जास्त खातात. उलाम म्हणजे भाताबरोबर सांबल नावाच्या तिखट चटणीत बुडवून खायचा कच्चा पाला. जेवणातच थोडा कडू, थोडा तुरट पाला रोज जावा, हा माझ्या मते या सगळ्या पद्धतीतला सगळ्यात शहाणा भाग आहे. त्यावर कुणी पेटंट घेत नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

मृत्यूखेरीज सगळ्यावर

कलौंजीबद्दलचं वचन बुखारीच्या हदीससंग्रहात आहे: या काळ्या दाण्यात मृत्यूखेरीज प्रत्येक आजारावर उतारा आहे. मलेशियात हब्बातुस सौदा नावाने तिचं तेल, कॅप्सूल, मधातलं मिश्रण सगळीकडे मिळतं. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनीच या वचनाचा अर्थ मर्यादित केला होता. दाणा उष्ण आणि कोरडा, म्हणून तो थंड आणि ओलसर प्रकृतीच्या आजारांवर, असं त्यांनी युनानी तर्काने सांगितलं. श्रद्धा आणि वैद्यक एकमेकांना सांभाळून घेत होते. आजच्या जाहिरातीत तो सांभाळ उरलेला नाही.

इथे नावांचा घोटाळाही फार. मलय भाषेत तिला जिंतान हितम, काळं जिरं म्हणतात. आपल्याकडे कुणी कांद्याचं बी म्हणतं, ते चूक. कडूजिरं वेगळं, शहाजिरंही वेगळं. जुन्या पाककृती किंवा औषधाच्या याद्या वाचताना दाणा डोळ्यांनी बघून ओळखावा.

सोनामुखी, मध, खजूर, ऑलिव्हही पैगंबरी वैद्यकात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांवर आधारलेल्या उपचारांत येतात. पण त्यांतली एक वस्तू अरबांनीच 'हिंदी' म्हणून ओळखली, कुस्त अल-हिंदी. आपलं कोष्ठ. 'हे भारतीय लाकूड वापरा, यात सात उतारे आहेत' अशा आशयाचं वचन आहे. हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणारी ही वनस्पती जंगलातून इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता सगळ्यात कडक बंधनं आहेत. गाहारूचीही तीच कथा. अगरूचं निरोगी लाकूड पांढुरकं आणि बिनवासाचं असतं. झाडाला जखम झाली, बुरशी शिरली की ते स्वतःला वाचवायला काळी राळ तयार करतं आणि सुगंध त्या राळेत असतो. बाहेरून बघून राळ कळत नाही, म्हणून शोधणाऱ्यांनी निरोगी झाडंही पाडली. शास्त्रीय नावात मलाक्का असलेली अगरूची ही जात १९९५पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

कायद्याच्या चौकटीत

२०१६मध्ये मलेशियाने पारंपरिक आणि पूरक वैद्यकाचा कायदा लागू केला. त्यात सात शाखा मानल्या आहेत. मलय, चिनी आणि भारतीय पारंपरिक वैद्यक, होमिओपॅथी, हाडं-सांध्यांच्या दोन पाश्चात्त्य पद्धती आणि इस्लामी उपचार. मलय आणि इस्लामी अशा दोन वेगळ्या शाखा. बोमोहच्या एकाच बैठकीत पान आणि शब्द एकत्र होते, कायद्याने पान एका रकान्यात घातलं आणि शब्द दुसऱ्यात.

औषधी वस्तूंसाठी नोंदणी वेगळी. १९९०च्या दशकापासून बाजारातल्या पारंपरिक औषधाला सरकारी क्रमांक लागतो. तो 'एमएएल' या अक्षरांनी सुरू होतो आणि पारंपरिक असेल तर शेवटी 'टी' असतो. क्रमांक आहे याचा अर्थ जड धातू, जंतू, भेसळ यांची तपासणी झाली आहे. ते औषध गुणकारी सिद्ध झालं आहे असा त्याचा अर्थ होत नाही. क्वालालंपूरच्या नातेवाइकाकडून काही मागवणार असाल तर पाकिटावर हा क्रमांक बघा, तो तिथल्या औषध नियामकाच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का बघा. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करायची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर पुडी उघडण्याआधी ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा.